दोन जिवांचे औषध

गर्भवतीला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला औषधाबद्दल सल्ला देताना दोन धोके समोरासमोर ठेवावे लागतात. एक औषध घेतल्याचा, दुसरा ते न घेतल्याचा. पहिल्या धोक्याबद्दल घरातली वडीलधारी माणसे, शेजारपाजार आणि खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद असे सगळेच बोलत असतात. दुसऱ्याबद्दल बोलणारे कोणी नसते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच फिट्सची गोळी, दम्याचा पंप किंवा थायरॉइडची गोळी परस्पर बंद होते. त्याच घरात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली, दोन-तीन औषधे मिसळलेली गोळी मात्र कोणालाही न विचारता पोटात जाते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: औषधांची ‘चालणारी’ आणि ‘न चालणारी’ अशी सरसकट वाटणी. उत्तर जितके औषधावर अवलंबून असते तितकेच ते गर्भाच्या आठवड्यावर, मात्रेवर आणि ज्या आजारासाठी औषध द्यायचे त्या आजारावर अवलंबून असते.

कोणतेही औषध न घेतलेल्या निरोगी स्त्रियांच्या पोटीही दर १०० पैकी २ ते ३ बाळे एखादे मोठे व्यंग घेऊन जन्मतात. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, पाठीच्या कण्यातला दोष अशी ही व्यंगे असतात आणि बहुतेकांचे नेमके कारण सापडत नाही. हा मुळातला धोका सल्ल्याच्या सुरुवातीलाच सांगावा लागतो, कारण त्याच्याशिवाय पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ येत नाही. एखाद्या औषधाने अमुक व्यंगाचा धोका ‘दुप्पट’ होतो असे वाचले की पोटात गोळा येतो. पण ते व्यंग मुळात हजारात एकाच बाळाला होत असेल, तर दुप्पट म्हणजे हजारात दोन; उरलेल्या ९९८ बाळांना ते होत नाही.

भीती किती वाढू शकते याचे मोजमापही झाले आहे. कॅनडात टोरोंटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’मध्ये १९८५ साली ‘मदरिस्क’ हे गर्भवतींसाठीचे औषध-सल्ला केंद्र सुरू झाले. तेथे आलेल्या ज्या स्त्रियांनी निर्धोक औषधे घेतली होती, त्यांना आपल्या बाळात व्यंग असण्याची शक्यता किती वाटते, असे विचारण्यात आले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या उत्तरांची सरासरी सुमारे २४ टक्के निघाली. थॅलिडोमाइडसारख्या विषारी ठरलेल्या औषधाच्या धोक्याला टेकणारा हा आकडा आहे. नीट माहिती दिल्यावर तो बराच खाली आला. हवाहवासा गर्भ निव्वळ अशा भीतीने पाडून घेतला जातो, ही या आकड्यामागची खरी हानी आहे.

थॅलिडोमाइड आणि त्याच्या उलट गोष्ट

या भीतीला इतिहास आहे. पश्चिम जर्मनीतल्या ग्र्युनेन्थाल कंपनीने ऑक्टोबर १९५७ मध्ये थॅलिडोमाइड ‘कॉन्टरगान’ या नावाने बाजारात आणले. झोपेसाठी आणि गर्भारपणातल्या मळमळीसाठी ते अगदी निर्धोक म्हणून विकले गेले. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ या दिवसांत एखादी गोळी घेतली तरी बाळाचे हात-पाय खुरटत होते. हॅम्बर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ आणि सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ मध्ये स्वतंत्रपणे हा संबंध दाखवला आणि त्या नोव्हेंबरात जर्मनीत औषध मागे घेतले गेले. तोवर जगभरात सुमारे १०,००० बाळे बाधित होऊन जन्मली होती. अमेरिका या संकटातून बरीचशी वाचली, कारण तेथील औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीचा दबाव असूनही पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली होती. १९६२ मध्ये तेथे औषध मंजुरीचा कायदा कडक झाला आणि इतर देशांनीही आपापले नियम घट्ट केले.

याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. गर्भारपणातल्या उलट्यांसाठी डॉक्सिलामाइन आणि ब जीवनसत्त्वातले पायरिडॉक्सिन यांची एक गोळी होती. अमेरिकेत तिचे नाव बेन्डेक्टिन, ब्रिटनमध्ये डेबेन्डॉक्स. लाखो स्त्रियांनी ती घेतली होती आणि एकामागून एक अभ्यासांत तिचा व्यंगाशी संबंध सापडत नव्हता. तरी खटल्यांची रांग लागली आणि १९८३ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. त्यानंतर व्यंगांचे प्रमाण कमी झाले नाही. तीव्र उलट्यांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या गर्भवतींचे प्रमाण मात्र वाढले. याच मॅकब्राइड यांनी डेबेन्डॉक्सविरुद्ध साक्षी दिल्या होत्या. दुसऱ्या एका औषधावरच्या सशांच्या प्रयोगात त्यांनी आकडे बनावट घातल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. ज्याने एकदा खरा इशारा दिला त्याचा दुसरा इशाराही खराच असेल असे नाही. २०१३ मध्ये तीच गोळी अमेरिकेत पुन्हा मंजूर झाली. भारतातही ती मिळते आणि आज गर्भारपणातल्या उलट्यांवर पहिल्या पसंतीची समजली जाते.

भारताचा स्वतःचा धडा हार्मोन्सचा आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या जास्त मात्रेच्या मिश्रणाची औषधे पाळी चुकल्यावर ‘दिवस आहेत का’ हे पाहण्यासाठी, आणि पाळी आणण्यासाठीही, सर्रास दिली जात. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध दीर्घ मोहीम चालवली, प्रकरण न्यायालयांत गेले आणि १९८८ मध्ये बंदी आली. तरीही पहिल्या तिमाहीत ‘गर्भ टिकावा’ म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शने सरसकट लिहून देण्याची सवय गेलेली नाही. ब्रिटनमधल्या ४,००० हून अधिक स्त्रियांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव होणाऱ्या सगळ्यांनाच त्याचा स्पष्ट फायदा दिसला नाही. रक्तस्रावाबरोबर आधीचे गर्भपातही झालेल्यांना तो होत असावा, असे दिसले. म्हणजे औषध वाईट नाही, पण ते कोणाला द्यायचे हे विचारून द्यायला हवे.

थॅलिडोमाइडनंतर गर्भवतींना औषधांच्या चाचण्यांतून जवळजवळ पूर्ण वगळले गेले. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की बहुतेक औषधांबद्दलचे ज्ञान प्राण्यांवरचे प्रयोग, चुकून औषध घेतलेल्या स्त्रियांच्या नोंदी आणि मोठ्या नोंदवह्या यांतूनच गोळा करावे लागते. अमेरिकेने १९७९ मध्ये ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरे औषधांना दिली. वाचायला सोपी, पण ती परीक्षेतल्या श्रेणींसारखी वाचली जाऊ लागली. ज्याच्याबद्दल फारसे काही माहीत नाही तेही ‘सी’ आणि ज्याने प्राण्यांत त्रास दिसला तेही ‘सी’. २०१५ पासून ही अक्षरे काढून त्यांच्या जागी सविस्तर वर्णन देण्याचा नियम तेथे लागू झाला. भारतातल्या अनेक दवाखान्यांत आजही ‘हे कॅटेगरी बी आहे’ एवढ्यावर चर्चा संपते, आणि तेवढ्यावर ती संपू नये.

कितवा आठवडा

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात; प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत घातक परिणाम झाला तर बहुधा गर्भ टिकतच नाही, आणि टिकला तर सहसा पूर्ण सावरतो. पाळी चुकण्याआधी घेतलेल्या साध्या गोळ्यांबद्दल रात्र-रात्र जागणाऱ्या स्त्रीला हे सांगणे फार महत्त्वाचे आहे. शरीरात दीर्घकाळ राहणारी औषधे याला अपवाद आहेत.

गर्भधारणेनंतरचा तिसरा ते आठवा आठवडा हा अवयव घडण्याचा काळ. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून बनतात ती नळी २८व्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच हे काम उरकलेले असते. बऱ्याच बायकांची तर तोवर नावनोंदणीही झालेली नसते. ही नळी नीट मिटावी म्हणून दिले जाणारे फॉलिक अॅसिड म्हणूनच दिवस राहण्याआधी सुरू व्हायला हवे: रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि आधीच्या बाळात असा दोष असेल, फिट्सची काही औषधे चालू असतील किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याहून बरेच जास्त. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांमध्ये फॉलिक अॅसिडने हा दोष ७२ टक्क्यांनी टळला. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवे असलेल्या स्त्रीला ही स्वस्त गोळी लिहून देणे हा गर्भारपणातल्या औषध-सल्ल्याचा सर्वांत फायदेशीर भाग आहे आणि तोच बहुधा राहून जातो.

अवयव घडून झाले म्हणजे धोका संपला असे नाही, तो बदलतो. पुढच्या महिन्यांत औषधे बाळाच्या वाढीवर, मूत्रपिंडांवर, दातांवर आणि मेंदूच्या विकासावर परिणाम करू शकतात, तर अगदी शेवटी घेतलेली काही औषधे जन्मानंतरच्या श्वासावर आणि झोपेवर. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चौथ्या महिन्यानंतर दातांचा रंग बिघडवू शकते. लघवीच्या संसर्गावरचे नायट्रोफ्युरॅन्टोइन बहुतेक काळ चालते, पण शेवटच्या आठवड्यांत टाळतात. वारेतून काय पलीकडे जाते हेही रेणूच्या आकारावर ठरते. इन्सुलिन आणि हेपॅरिन यांचे रेणू मोठे असल्याने ते बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. बहुतेक गोळ्यांचे लहान रेणू पोचतात.

आजार आधीपासून असेल तर

सर्वांत अवघड सल्ला फिट्सच्या औषधांचा. व्हॅलप्रोएट हे भारतात खूप वापरले जाणारे, प्रभावी औषध. गर्भारपणात ते घेतलेल्या मातांच्या दर १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत मोठे व्यंग आढळते आणि ३० ते ४० मुलांत पुढे बोलणे, शिकणे, वागणे यांत अडचणी दिसतात. मूल होण्याच्या वयातल्या मुलीला ते शक्यतो सुरूच करू नये, अशी जगभरची शिफारस त्यामुळे आहे. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम यांचा व्यंगाचा धोका मुळातल्या धोक्याच्या जवळपास राहतो. या विषयावर भारताचे मोठे योगदान तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे आहे: डॉ. संजीव थॉमस यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये तेथे सुरू झालेल्या केरळ अपस्मार व गर्भारपण नोंदवहीत हजारो गर्भारपणांचा मागोवा घेतला गेला आहे.

पण दिवस राहिल्यावर व्हॅलप्रोएट एका दिवसात बंद करणे हा उपाय नव्हे. जोराची फिट आली तर आई पडते, तिचा श्वास अडखळतो, बाळाचा प्राणवायू कमी होतो, आणि काही स्त्रियांचा त्यात जीव गेला आहे. बदल करायचा तो गर्भ राहण्याच्या कित्येक महिने आधी, न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली. लॅमोट्रिजिनची आणखी एक अडचण आहे. गर्भारपणात शरीर ते झपाट्याने बाहेर टाकते, त्यामुळे जुनीच मात्रा अपुरी पडते. मुलीचे लग्न ठरवताना फिट्सचा आजार लपवला जातो, सासरी औषध चोरून घ्यावे लागते आणि मग दिवस राहिले की ते घेणेच थांबते. अशा घरात औषधशास्त्राची माहिती एकटी पुरत नाही. नवरा-सासूसह बसून बोलावे लागते.

थायरॉइडची गोळी गर्भारपणात बंद करायची नसते. उलट बहुतेकींना मात्रा सुमारे पाव ते एक तृतीयांश वाढवावी लागते, कारण सुरुवातीचे महिने बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतो. एक घोटाळा घरोघरी होतो: थायरॉइड, लोह आणि कॅल्शियम अशा तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडची गोळी आतड्यात अडवतात. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, कॅल्शियम जेवणासोबत, लोह कॅल्शियमपासून दोनेक तास लांब, आणि थायरॉइड व या दोन्हींत चार तासांचे अंतर, असे वेळापत्रक कागदावर लिहून दिले तर फरक पडतो.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या लोक वर्षानुवर्षे घेतात. चौथ्या महिन्यापासून पुढे त्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात, गर्भजल कमी होते. त्या लवकर बदलून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देतात. गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांना कमी मात्रेची अॅस्पिरिन १६व्या आठवड्यापूर्वी सुरू करतात. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत तिने मुदतीआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गर्भारपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराचे, प्रमाण ६२ टक्क्यांनी घटवले. ‘अॅस्पिरिन चालत नाही’ हे ऐकून अशी गोळी टाकून देणाऱ्या स्त्रीचे नुकसान मोठे आहे. कृत्रिम झडप बसवलेल्या स्त्रियांना लागणारी वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या हाडांवर परिणाम करते, तर ती थांबवली आणि पर्यायी हेपॅरिन नीट दिले नाही तर झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव जाऊ शकतो. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळूनच घ्यावा.

क्षयाची मुख्य औषधे गर्भारपणात चालू ठेवतात. टाळायचे ते स्ट्रेप्टोमायसिन, कारण ते बाळाच्या कानांना इजा करते. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात प्रायमाक्विनचा प्रश्न येतो. ते गर्भवतीला देत नाहीत, कारण बाळात जी६पीडी एन्झाइमची कमतरता आहे का हे पोटात असताना तपासता येत नाही आणि ती असल्यास लाल पेशी फुटतात. दुसरीकडे, फाल्सिपेरम मलेरियावर आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन पहिल्या तिमाहीतही द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. उपचार न केलेला मलेरिया गर्भवतीला अशक्त करतो, गर्भ पाडतो आणि जीवही घेतो.

दम्याचा पंप चालू ठेवायचा. नैराश्याची औषधे घेणाऱ्या स्त्रीनेही ती मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सोडू नयेत. अचानक सोडल्याने आजार उलटण्याचा धोका असतो आणि बाळंतपणानंतरचे दिवस त्याला सर्वांत पोषक असतात. मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन मात्र थॅलिडोमाइडच्या पंक्तीत बसते. ते घेताना गर्भनिरोधक हवेच, आणि थांबवल्यावरही महिनाभर.

नेहमीची दुखणी

ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल हीच पहिली निवड. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या औषधाचा स्वमग्नतेशी संबंध जोडल्यावर मराठी घरांतल्या फोनांवरही तो व्हिडिओ फिरला. स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४ च्या अभ्यासात भावंडांची भावंडांशी तुलना केल्यावर हा संबंध टिकला नव्हता. पहिल्या महिन्यांतला जोराचा ताप स्वतःच बाळाला अपायकारक असतो, म्हणून गरज असेल तेव्हा, पुरेशा मात्रेत, कमीत कमी दिवस असा वापर योग्य.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक यांचे वेगळे आहे. विसाव्या आठवड्यानंतर ती गर्भजल घटवू शकतात आणि तिसाव्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतरच मिटायची रक्तवाहिनी आधीच मिटवू शकतात. भारतात ही औषधे पॅरासिटामॉलबरोबर मिसळूनच जास्त विकली जातात, त्यामुळे ‘पॅरासिटामॉलच तर घेतली’ म्हणणाऱ्या स्त्रीच्या हातात दुसरेच काही असू शकते. पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय सल्ला देऊ नये. याच गटातले निमेसुलाइड अमेरिका व ब्रिटनमध्ये विकलेच जात नाही. परदेशी असलेल्या लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईच्या बॅगेतली पट्टी तिथल्या डॉक्टरांना ओळखता येत नाही, म्हणून त्यांना ब्रँड नव्हे तर औषधाचे मूळ नाव सांगावे.

प्रतिजैविकांत पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन यांचा दीर्घ अनुभव चांगला आहे. लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात.

सरकारी कार्यक्रमातल्या लाल गोळीबद्दल गैरसमज जुने आहेत: ती उष्ण पडते, बाळ काळे होते, फार मोठे होते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस ती घ्यायची असते. शौच काळी होते ती लोहामुळे, तिचा बाळाच्या रंगाशी काही संबंध नाही. चहाबरोबर घेतली तर फुकट जाते, लिंबू-आवळ्याबरोबर चांगली लागू पडते. हे समजावून सांगणारी आशाताई या सगळ्या साखळीतली सर्वांत महत्त्वाची सल्लागार आहे.

गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणण्याचा प्रकार शहर-खेडे दोन्हीकडे होतो. मिसोप्रोस्टॉल घेऊनही गर्भ टिकला आणि पुढे वाढवला, तर चेहऱ्याच्या नसा व हातापायांच्या व्यंगाचा धोका वाढतो. गर्भपात भारतात १९७१ च्या कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरकडे करून घेता येतो; अशा स्त्रीला दटावून परत पाठवण्यापेक्षा तो मार्ग दाखवणे तिच्या हिताचे.

अंगावरचे दूध

दुधाचा हिशेब वेगळा. गर्भाला वारेतून जे मिळते त्याच्या तुलनेत दुधातून बाळाला फार थोडे औषध मिळते. ते मोजायची रीत सोपी आहे. समजा ६० किलो वजनाची आई रोज ६० मिलिग्रॅम औषध घेते, म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम. तिच्या दुधात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम उतरते. बाळ किलोमागे रोज १५० मिलिलिटर दूध पिते, म्हणजे त्याला किलोमागे ०.०१५ मिलिग्रॅम मिळाले: आईच्या मात्रेच्या १.५ टक्के. हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असेल तर निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा चालते. रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटणारी, मोठ्या रेणूंची आणि आतड्यातून न शोषली जाणारी औषधे दुधातून बाळाला जवळपास मिळतच नाहीत. बाळाचे वयही पाहावे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा पहिल्या महिन्यातल्या बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड औषध सावकाश बाहेर टाकतात. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाल्यावर दूधच कमी होते.

त्यामुळे गर्भारपणातले उत्तर इथे बरेचदा उलटे असते. आयब्युप्रोफेन शेवटच्या महिन्यांत नको, पण बाळंतिणीच्या दुखण्यावर चांगले. दुधात ते १ टक्क्याहूनही कमी उतरते. वॉरफेरिन गर्भाला घातक, दुधात मात्र जवळपास येत नाही. एनालाप्रिलही पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आईला चालते. नैराश्यासाठी सर्ट्रालिन पाजणाऱ्या आईला पहिल्या पसंतीचे. क्षयाची औषधे घेणारी आई तोंडाला मास्क बांधून अंगावर पाजू शकते. भूल दिल्यानंतर आई शुद्धीवर येऊन बाळ धरू शकली की पाजायला हरकत नसते. सीटी किंवा एमआरआयच्या रंगद्रव्यासाठी दूध काढून फेकण्याचीही गरज नसते.

खरोखर थांबवावे लागते ते थोड्या औषधांसाठी. कर्करोगाची बहुतेक औषधे, आणि थायरॉइडसाठी दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन. ते स्तनात साठते आणि दुधातून बाळाच्या थायरॉइडमध्ये जाते, म्हणून त्या बाळाचे पाजणे कायमचे बंद करून मगच ते देतात. कोडीन व ट्रॅमाडॉल टाळावीत: काही माता कोडीनचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर करतात, आणि २०१७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने पाजणाऱ्या मातांसाठी दोन्हींविरुद्ध इशारा दिला. लिथियम द्यावेच लागले तर बाळाच्या रक्ताच्या तपासण्या करत. सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन बाळाला फारसा त्रास देत नाही, पण दूधच आटवते. ऑस्ट्रेलियात आठ मातांवर केलेल्या अभ्यासात एका ६० मिलिग्रॅमच्या मात्रेने दूध सुमारे २४ टक्क्यांनी घटले.

‘चार दिवस पाजू नका’ हा सल्ला देणे सोपे असते, पण तो निरुपद्रवी नसतो. चार दिवसांत दूध आटते, वरचे दूध सुरू होते, पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब लागतात. आईच्या दुधाला बाधा येऊ नये म्हणून डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींवर भारतात १९९२ चा कायदा बंदी घालतो. मग विनाकारण पाजणे थांबवणारी चिठ्ठीही तितक्याच गंभीरपणे पाहिली जावी.

देशी, घरगुती आणि मिश्री

‘आयुर्वेदिक आहे, त्याचा काय अपाय’ हे वाक्य तपासण्याजोगे आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवतींच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे आढळले. भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे त्या घेत होत्या. शिसे वारेतून थेट जाते आणि बाळाच्या मेंदूला इजा करते. आहारातला आले-हळद-मेथीचा वापर, डिंक-अळिवाचा लाडू यांची गोष्ट वेगळी. भस्मे, अनोळखी पुड्या आणि घटक न छापलेल्या बाटल्या गर्भारपणात वर्ज्य. ‘मुलगा होण्यासाठी’ दिल्या जाणाऱ्या पुड्या तर दुहेरी गुन्हा आहे. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा औषधांचा व्यंग आणि मृत जन्माशी संबंध आढळला आहे.

मिश्रीबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि बाई सांगत नाही, कारण ती दात घासण्याची वस्तू समजली जाते. मुंबईत १,२१७ स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची निघाली. ‘काही औषध घेता का’ या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर मिळाल्यावर मिश्री, काढा, झोपेची गोळी, केसांचे तेल-मलम, वजन कमी करण्याची पावडर असे एकेक नाव घेऊन विचारावे लागते.

सल्ला देण्याची रीत

पट्टी हातात घेऊन मूळ औषध, मात्रा आणि किती दिवस घेतले हे पाहणे. शेवटच्या पाळीची तारीख किंवा बाळाचे वय आणि वजन विचारणे. आजार कोणता आणि तो सोडून दिला तर काय होईल हे समजून घेणे. मग पुरावा शोधणे. दुधासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘लॅक्टमेड’ हा कोश २००६ पासून मोफत आहे आणि स्पेनमधल्या बालरोगतज्ज्ञांचा ‘ई-लॅक्टान्सिया’ही. गर्भारपणासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय सेवेची ‘बम्प्स’ पत्रके आणि अमेरिकेतली ‘मदरटुबेबी’ सेवा उपयोगी पडते. औषधाच्या खोक्यातला कागद कंपनीला खटल्यापासून वाचवण्यासाठीही लिहिलेला असतो, हे ध्यानात ठेवून वाचावा.

आकडा सांगताना दोन्ही बाजूंनी सांगावा: ‘शंभरात तीन’ आणि ‘शंभरात सत्त्याण्णव’. ‘शंभर टक्के सुरक्षित’ असे कधी म्हणू नये, कारण ते कोणत्याच गर्भारपणाबद्दल खरे नसते. औषध आधीच घेऊन झाले असेल तर ‘कशाला घेतलेस’ हा प्रश्न निरुपयोगी आहे; अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सविस्तर सोनोग्राफी वेळेवर करणे हे पुढचे काम. निर्णय त्या स्त्रीचा असतो. सासू, नवरा, मेडिकलवाला यांच्यापुढे तिला तो मांडता यावा म्हणून काय, का आणि किती दिवस हे मराठीत एका कागदावर लिहून तिच्या हातात द्यावे.

गर्भारपणात किंवा पाजताना घेतलेल्या औषधाने आईला वा बाळाला त्रास झाल्यास त्याची नोंद भारतीय औषध-सतर्कता कार्यक्रमाकडे करता येते. २०१० मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंद केंद्रे आहेत आणि मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट आणि रुग्ण यांपैकी कोणीही नोंद करू शकते. नोंदीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, घेतल्याच्या तारखा, तेव्हाचा गर्भाचा आठवडा किंवा बाळाचे वय आणि जन्मानंतरची बाळाची स्थिती लिहावी.